व्हेरिकोज व्हेन्सचा लेझर उपचार: पॅकेजमध्ये काय हवं, काय विचारायचं, नंतर काय होतं

पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, म्हापसा, कुठेही राहा. फोनवर ‘पायाच्या निळ्या नसा’ एवढं शोधलं की पुढचे आठ दिवस लेझरच्या जाहिराती दिसत राहतात. तीन आश्वासनं सगळीकडे सारखी: अर्ध्या तासात काम, टाके नाहीत, त्याच दिवशी घरी. तिन्ही बहुतांशी खरी आहेत. उपचारही चांगला आहे. पूर्वी पाठीत भुलेची सुई घेऊन आणि जांघेत चीर देऊन जे करावं लागत होतं, ते आता सुईच्या एका छिद्रातून होतं. तरीही वर्षा-दोन वर्षांत शिरा पुन्हा दिसू लागलेली माणसं कमी नाहीत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या बाबतीत दोष मशीनचा नसतो. गळती, म्हणजे शिरेतलं रक्त उलटं येणं, कुठून सुरू होते हे नीट न शोधताच मशीन चालवलेलं असतं. म्हणून या सेवेची पारख ऑपरेशन थिएटरच्या आधी, सोनोग्राफीच्या खोलीत करावी लागते.

उभं राहून डॉपलर

पायातलं रक्त वर चढवण्याचं काम पोटरीचे स्नायू करतात, आणि चढलेलं रक्त खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात. त्वचेखालच्या दोन मोठ्या शिरा इथे महत्त्वाच्या. ग्रेट सॅफेनस घोट्याच्या आतल्या बाजूने निघते आणि गुडघा, मांडी असं करत जांघेत खोल शिरेला मिळते. स्मॉल सॅफेनस पोटरीच्या मागून वर जाते आणि बहुधा गुडघ्यामागे खोल शिरेत उतरते. यांच्या झडपा निकामी झाल्या की रक्त उलटं येतं, दाब वाढतो आणि फांद्या फुगतात. पोटरीवर वेड्यावाकड्या दिसतात त्या या फांद्या. मूळ गळती अनेकदा खूप वर, मांडीत किंवा जांघेत असते आणि तिथे बाहेरून काहीच दिसत नाही. दिसणाऱ्या फांद्यांवरच काम केलं आणि वरची गळती तशीच ठेवली, तर दाब नव्या फांद्या शोधतो.

ही गळती डॉपलरने, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीने, पाहायची तर रुग्ण उभा हवा. आडवं झाल्यावर शिरा रिकाम्या होतात आणि झडप निकामी असली तरी उलटा प्रवाह नीट दिसत नाही. योग्य पद्धत अशी: रुग्ण उभा, वजन दुसऱ्या पायावर, तपासायचा पाय गुडघ्यात किंचित वाकवून सैल सोडलेला. डॉक्टर पोटरी हाताने दाबून सोडतात आणि पडद्यावर उलटा प्रवाह किती वेळ टिकतो ते मोजतात. सॅफेनस शिरेत तो अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त टिकला तर गळती आहे असं धरतात. दोन्ही पायांची अशी तपासणी नीट करायला अर्धा तास सहज लागतो. पाच मिनिटांत, झोपवून, एकाच पायाची झाली असेल तर त्या रिपोर्टवर ऑपरेशन ठरवू नये, हे आमचं स्पष्ट मत.

रिपोर्ट हातात आला की वाचून बघा. खोल शिरा मोकळ्या आहेत, दाबल्यावर चपट्या होतात, आत गुठळी नाही, हे पहिलं वाक्य हवं. खोल शिरेत जुनी गुठळी बसून तो रस्ता अडला असेल, तर वरची फुगलेली शिर कदाचित रक्ताची पर्यायी वाट असते. ती बंद करणं नुकसानीचं ठरू शकतं. मग जांघेतल्या जोडाशी गळती आहे का आणि किती सेकंद, ग्रेट सॅफेनसचा व्यास मांडीत, गुडघ्याशी आणि पोटरीत किती मिलिमीटर, स्मॉल सॅफेनसची अवस्था, मांडीच्या पुढच्या बाजूची जोडशिर फुगली आहे का, आणि परफोरेटर, म्हणजे वरच्या आणि खोल शिरांना जोडणाऱ्या आडव्या शिरा, कुठे गळतात. परफोरेटरचं अंतर तळपायापासून किंवा घोट्यापासून सेंटिमीटरमध्ये लिहिलेलं हवं. ‘मल्टिपल इनकॉम्पिटंट परफोरेटर्स’ एवढ्या तीन शब्दांत संपवलेल्या रिपोर्टवरून थिएटरमध्ये काहीच सापडत नाही.

चिठ्ठीवर ‘व्हीनस डॉपलर, दोन्ही पाय, उभे राहून’ असं लिहून घ्या. अनेकांचा नुसता धमन्यांचा डॉपलर होतो, ‘रक्तपुरवठा उत्तम’ असा रिपोर्ट येतो आणि शिरांबद्दल त्यात अवाक्षर नसतं. सर्वांत चांगली व्यवस्था म्हणजे ज्या डॉक्टरांच्या हातात लेझर असणार त्यांनीच स्वतः पुन्हा एकदा प्रोब लावून बघणं. व्हॅस्क्युलर सर्जन किंवा इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट असे डॉक्टर हे बहुधा करतात. सराव असलेले जनरल सर्जनही हे काम चांगलं करतात, पण मग थिएटरमध्ये सोनोग्राफी कोण करणार हे विचारायलाच हवं. फक्त फोटो पाहून किंवा फोनवर बोलून तारीख देणारं केंद्र टाळा.

लेझर की रेडिओफ्रिक्वेन्सी

रुग्णांचा सगळ्यात जास्त वेळ या प्रश्नात जातो आणि खरं म्हणजे तेवढा जायला नको. दोन्हींमध्ये शिरेच्या आतून उष्णता देऊन ती कायमची बंद करतात, आणि वर्षभरानंतरही दहातल्या नऊपेक्षा जास्त शिरा बंदच असलेल्या आढळतात. डॉक्टरांचा हात ज्यावर बसला आहे ते घ्यावं.

लेझरमध्ये मात्र दोन गोष्टी विचारण्यासारख्या आहेत: तरंगलांबी आणि फायबरचं, म्हणजे प्रकाश शिरेत नेणाऱ्या बारीक तारेचं, टोक. जुनी मशीन ८१० ते ९८० नॅनोमीटरची असतात. १४७० नॅनोमीटरची ऊर्जा शिरेच्या भिंतीतलं पाणी जास्त शोषतं, त्यामुळे कमी शक्तीत काम होतं. फायबरचं टोक ‘रेडियल’ असेल तर प्रकाश चारही बाजूंना समान पसरतो. उघड्या टोकाच्या फायबरने भिंतीला जागोजागी छिद्रं पडू शकतात आणि मग मांडीवर काळंनिळं जास्त होतं, दुखतंही जास्त. रेडिओफ्रिक्वेन्सीच्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कॅथेटरला ७ सेंटिमीटरचं तापणारं टोक असतं. ते १२० अंश सेल्सिअसला २० सेकंद तापतं, मग पुढचे ७ सेंटिमीटर. जांघेजवळच्या पहिल्या भागाला बहुधा दोनदा. मोजमाप ठरलेलं असल्याने इथे हाताच्या वेगावर कमी अवलंबून राहावं लागतं. लेझरमध्ये फायबर किती सावकाश ओढला यावर सेंटिमीटरमागे किती जूल ऊर्जा पडते ते ठरतं. कमी पडली तर शिर काही महिन्यांत पुन्हा उघडते.

फायबर आणि कॅथेटर दोन्ही एकाच रुग्णासाठी असतात. पॅकेज फारच स्वस्त असेल तर ते पुन्हा निर्जंतुक करून वापरलेले नाहीत ना, हे मोकळेपणाने विचारा आणि सीलबंद खोक्यावरचा लॉट नंबरचा स्टिकर तुमच्या फाइलमध्ये चिकटवून मागा. चांगल्या रुग्णालयात हे न मागता होतं.

थिएटरमध्ये काय होतं

आदल्या दिवसांत रक्ताच्या तपासण्या, साखर, क्रिएटिनिन, ईसीजी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःहून बंद करू नका, डॉक्टर ठरवतील. गर्भनिरोधक किंवा हार्मोनच्या गोळ्या, आधी कधी झालेली गुठळी, घरात कोणाला झालेली गुठळी, हे सगळं न विचारताही सांगा. गरोदरपणात हे करत नाहीत. बाळंतपणानंतर बऱ्याच शिरा आपोआप ओसरतात, त्यामुळे किमान तीन महिने थांबून पुन्हा डॉपलर करावा.

थिएटरमध्ये जाण्याआधी रुग्णाला उभं करून मार्कर पेनने शिरा आखतात. ही पाच-दहा मिनिटं फार मोलाची. टेबलावर आडवं झाल्यावर फांद्या दिसेनाशा होतात आणि ज्या आखल्या नाहीत त्या राहून जातात. ‘ऑपरेशन झालं पण ही एक गाठ तशीच आहे’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा राहून गेलेली खूण असते.

मग सोनोग्राफीत बघत गुडघ्याजवळ किंवा थोडं खाली शिरेत सुई घालतात, त्यातून बारीक नळी आणि नळीतून फायबर वर सरकवतात. त्याचं टोक जांघेतल्या खोल शिरेच्या जोडापासून सुमारे २ सेंटिमीटर अलीकडे थांबवतात. याहून पुढे गेलं तर उष्णतेने झालेली गुठळी खोल शिरेत डोकावू शकते. फार मागे राहिलं तर वरची फांदी उघडी राहून तिथूनच आजार परततो.

यानंतरची पायरी सगळ्यात कौशल्याची आणि रुग्णाला सगळ्यात जास्त जाणवणारी. थंड सलाइनमध्ये पातळ केलेलं लिग्नोकेन, बहुधा थोडं ॲड्रेनलिन आणि सोडाबायकार्ब घालून, शिरेच्या भोवती सगळीकडून टोचतात. याला ट्युमेसंट भूल म्हणतात. जांघेपासून गुडघ्यापर्यंतच्या शिरेला ३०० ते ५०० मिलिलिटर सहज लागतं. सुया टोचलेल्या कळतात, पाय गार आणि जड वाटतो. या पाण्याची कामं तीन: दुखणं थांबवणं, शिर दाबून फायबरला चिकटवणं, आणि त्वचा व मज्जातंतू उष्णतेपासून लांब ढकलणं. पाणी कमी पडलं की त्वचा भाजते किंवा पाय बधिर राहतो. भुलेच्या औषधाला वजनानुसार मर्यादा असते, म्हणून दोन्ही पाय एकाच दिवशी करायचे का हे अंगकाठी आणि शिरांची लांबी पाहून ठरतं.

प्रत्यक्ष उष्णता देण्याचं काम काही मिनिटांचं. जाहिरातीतला अर्धा तास म्हणजे एवढाच भाग. आखणी, भूल, पोटरीवरच्या फांद्या धरून एका पायाला तासभर धरून चला. फांद्या काढायला २ ते ३ मिलिमीटरची छिद्रं पाडून आकड्याने शिर ओढून घेतात. टाका लागत नाही, वर चिकटपट्टी लावतात. काही डॉक्टर फांद्या त्याच दिवशी काढतात, काही दोन-तीन महिने थांबतात, कारण वरचा दाब गेल्यावर काही फांद्या आपोआप आकसतात. दोन्ही पद्धती योग्य आहेत. मात्र दुसरा टप्पा पॅकेजमध्ये धरलाय की त्याचे वेगळे पैसे, हे आधी लेखी घ्यावं.

आपल्याकडे अजूनही अनेक रुग्णालयांत लेझर पाठीतल्या भुलेखाली करतात. दोन्ही पायांवर खूप फांद्या असतील, रुग्ण फार घाबरलेला असेल, तर ते समजण्यासारखं आहे. पण एका पायाच्या साध्या लेझरला ती लागत नाही. पाठीत भूल दिल्यावर चारसहा तास चालता येत नाही, लघवी अडू शकते, डोकं दुखू शकतं. आणि या उपचाराचा मोठा फायदाच हा की टेबलावरून उतरून लगेच पंधरा-वीस मिनिटं चालता येतं. चालल्याने खोल शिरांतलं रक्त वाहतं राहतं. शिवाय जागा असलेला रुग्ण मज्जातंतूजवळ चटका बसला तर लगेच सांगतो. गुडघ्याखाली ग्रेट सॅफेनसला आणि पोटरीमागे स्मॉल सॅफेनसला मज्जातंतू चिकटून जातात, तिथे ही सूचना फार उपयोगी पडते.

ग्लू, फोम आणि जुनी शस्त्रक्रिया

ग्लूमध्ये शिरेत वैद्यकीय सायनोॲक्रिलेटचे थेंब सोडून बाहेरून दाबतात आणि शिर चिकटते. उष्णता नाही, त्यामुळे ट्युमेसंटच्या सुया नाहीत, मज्जातंतू भाजण्याची भीती नाही, नंतर पायावर दाब देणाऱ्या घट्ट मोज्यांची सक्तीही बहुधा नसते. सुयांची फार भीती असणाऱ्यांना किंवा गुडघ्याखालच्या शिरेसाठी हा चांगला पर्याय. यात सामानाचा खर्च जास्त असतो, आणि काहींना शिरेच्या मार्गावर आठवड्या-दोन आठवड्यांत लाल, खाजरी, दुखरी सूज येते. ती शरीराची ग्लूविरुद्धची प्रतिक्रिया असते, जंतुसंसर्ग नव्हे. बहुतेकांची औषधांनी बसते, पण ग्लू आत कायम राहतो. चिकटपट्टी किंवा कृत्रिम नखांच्या गोंदाने पूर्वी ॲलर्जी झाली असेल तर ग्लू घेऊ नये.

फोम स्क्लेरोथेरपीत पोलिडोकॅनॉल किंवा सोडियम टेट्राडेसिल सल्फेट हे औषध हवेशी घुसळून शिरेत टोचतात. दोन सिरिंज, मध्ये तीन तोंडांची तोटी, एक भाग औषध आणि चार भाग हवा, साधारण वीस वेळा इकडून तिकडे; शेव्हिंगच्या फेसासारखा घट्ट फेस तयार होतो आणि तो मिनिटभरात वापरावा लागतो, नाहीतर पाणी सुटतं. एका वेळी १० मिलिलिटरच्या आसपास मर्यादा ठेवतात. स्वस्त, भुलेची गरज नाही, थिएटर नाही. वेड्यावाकड्या फांद्या, परत आलेल्या शिरा, जखमेखालच्या शिरा यांसाठी उत्तम. मोठ्या सॅफेनस शिरेसाठी मात्र एकट्या फोमवर आमचा भरवसा कमी आहे. ब्रिटनमध्ये लेझर, फोम आणि शस्त्रक्रिया यांची तुलना करणाऱ्या मोठ्या चाचणीचे पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१९ साली आले. त्यात लेझर आणि शस्त्रक्रिया झालेल्यांचं जीवनमान, म्हणजे पायाच्या त्रासाच्या दृष्टीने रोजचं जगणं, फोमपेक्षा बरं आढळलं. फोमनंतर शिरेच्या मार्गावर तपकिरी डाग महिनोन्‌महिने राहतात, आपल्या वर्णावर ते अधिक उठून दिसतात. आत अडकलेलं रक्त कडक गाठीसारखं लागतं. दोन-तीन आठवड्यांनी सुईने ते काढून टाकलं तर दुखणं आणि डाग दोन्ही कमी होतात, म्हणून हे काम पॅकेजमध्ये आहे का ते विचारा. ज्यांना अर्धशिशीत डोळ्यांपुढे चमकतं त्यांनी फोमआधी आवर्जून सांगावं.

जांघेत चीर देऊन शिर बांधणं आणि ओढून काढणं ही जुनी शस्त्रक्रिया टाकाऊ झालेली नाही. शिर फारच रुंद, वळणावळणाची किंवा अगदी त्वचेलगत असेल तर फायबर चढत नाही किंवा त्वचा भाजायची भीती असते. तिथे ती आजही कामाची. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत शल्यचिकित्सा विभाग ही शस्त्रक्रिया नेहमी करतात आणि खर्च खासगीच्या तुलनेत नाममात्र असतो. विश्रांती जास्त लागते, दोन-तीन आठवडे. खर्चामुळे उपचारच लांबणीवर टाकण्यापेक्षा ही शस्त्रक्रिया शंभर पटीने बरी.

‘शिर बंद केली तर रक्त कुठून जाणार?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात निघतो. पायातलं साधारण नव्वद टक्के रक्त खोल शिरांतूनच परत जातं. गळकी शिर तसंही रक्त उलटं पाठवत होती. ‘उद्या हृदयाच्या बायपासला ती लागली तर?’ हेही विचारतात. फुगून वाकडी झालेली शिर बायपासला बहुधा चालतच नाही. चांगली शिर कोणी बंद करू नये, आणि त्यासाठीही पुन्हा डॉपलरच लागतो.

नंतरचे दिवस

पहिल्या दिवशी फार दुखत नाही. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान मांडीच्या आतल्या बाजूला ताणल्यासारखं, पाय सरळ करताना आखडल्यासारखं वाटतं आणि लोक घाबरून फोन करतात. बंद झालेली शिर आकसत असते. पॅरासिटामॉल, लागल्यास सूज कमी करणारी गोळी, आणि चालणं. मूत्रपिंडाचा किंवा आम्लपित्ताचा त्रास असेल तर दुसरी गोळी डॉक्टरांना विचारूनच. काळंनिळं दोन आठवड्यांत उतरतं. पोटरीवर तळहाताएवढी जागा बधिर वाटली तर ती बहुतेकांची काही महिन्यांत भरून येते.

मोजे किती दिवस, यावर प्रत्येक डॉक्टरांचं वेगळं उत्तर मिळतं. ब्रिटनच्या २०१३ सालच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत उपचारानंतर सात दिवसांपेक्षा जास्त नकोत असं आहे. आपल्याकडे दोन ते सहा आठवडे सांगतात. फांद्या काढल्या असतील तर पहिला आठवडा मोजे नक्की आराम देतात. साध्या लेझरनंतर उन्हाळ्यात दीड महिना अट्टहासाने घालण्यात फारसा अर्थ नाही.

कामावर बहुतेक जण दोन ते पाच दिवसांत जातात. बसचालक, वाहतूक पोलीस, शिक्षक, हॉटेलातले आचारी, सलूनवाले अशांनी आठवडा धरावा, कारण त्यांचा त्रास चालण्याने होत नाही, एका जागी उभं किंवा बसून राहिल्याने होतो. दोन आठवडे जड वजन उचलणं, व्यायामशाळेतल्या बैठका आणि लांबचा विमान किंवा बसप्रवास टाळावा. अनेक ठिकाणी आठवड्याच्या आत आणि पुन्हा तीन ते सहा महिन्यांनी डॉपलर करतात. पहिल्यात खोल शिरेत गुठळी सरकली नाही ना हे बघतात, दुसऱ्यात शिर बंदच आहे ना. दुसऱ्या डॉपलरबद्दल कोणी बोलतही नसेल, तर आपल्या कामाचा निकाल पाहण्यात त्या केंद्राला रस नाही असं समजावं.

पोटरी अचानक सुजून कडक झाली, एकच पाय जाड झाला, छातीत दुखलं, धाप लागली, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावं. ताप, पू, पसरणारी लाली दिसली तरीही वाट पाहत बसू नये.

मोजे विकत घेताना

ज्यांना उपचार करायचा नाही, करता येत नाही, किंवा जे तारखेची वाट बघत आहेत त्यांच्यासाठी मोजे खरे आधार आहेत. ते शिरा घालवत नाहीत. घातलेले असेपर्यंत जडपणा आणि सूज कमी ठेवतात. औषधाच्या दुकानात पायाकडे नुसतं बघून ‘मीडियम’ देतात. असे मोजे घेऊ नका. सकाळी उठल्याउठल्या, सूज यायच्या आत, घोट्याचा सगळ्यात बारीक घेर, पोटरीचा सगळ्यात जाड घेर आणि टाचेपासून गुडघ्याखालपर्यंतची लांबी टेपने मोजा आणि खोक्यावरच्या तक्त्याशी ताडून बघा. खोक्यावर दाबाचा आकडा छापलेला हवा. जर्मन मापात क्लास १ म्हणजे १८ ते २१ आणि क्लास २ म्हणजे २३ ते ३२ मिलिमीटर पारा. बहुतेकांना क्लास २, गुडघ्यापर्यंतचे पुरतात. मांडीपर्यंतचे घसरतात आणि गुडघ्यामागे त्यांची वळी पडून उलट तिथेच शिर आवळली जाते. रुग्णालयात पडून असलेल्या रुग्णांना घालतात ते पातळ पांढरे मोजे वेगळे; चालत्याफिरत्या माणसाला त्यांचा दाब पुरत नाही.

मधुमेह असेल, चालताना पोटऱ्या भरून येत असतील, पाय गार पडत असतील तर आधी घोट्याशी रक्तदाब मोजून धमन्या तपासून घ्या. धमन्या अरुंद असताना घट्ट मोजे घातले तर बोटांचा रक्तपुरवठा अडतो.

घालायची पद्धत शिकून घेतली नाही तर मोजे कपाटातच राहतात. टाचेपर्यंतचा भाग उलटा करून पाऊल आधी बसवा, टाच जागेवर आली की मग वर चढवा. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले तर पकड येते. जोडवी आणि पैंजण आधी काढा, त्यांच्या कडेला अडकून धागा उसवतो. रात्री झोपताना काढायचे. हाताने सौम्य साबणात धुवायचे, पिळायचे नाहीत, सावलीत वाळवायचे. दोन जोड असावेत आणि रोज वापरात असतील तर साधारण सहा महिन्यांनी बदलावेत, कारण ताण गेला की तो नुसता गरम कपडा उरतो. चांगला जोड हजार ते पाच हजार रुपयांच्या दरम्यान मिळतो. विदर्भातल्या मे महिन्यात ते दिवसभर घालणं अशक्यप्राय आहे. तिथे सकाळपासून दुपारपर्यंत आणि उभ्याने कामाच्या वेळेत घातले तरी फायदा होतो.

डायॉस्मिन-हेस्पेरिडिनच्या गोळ्यांनी जडपणा, पेटके आणि सूज काहींना कमी वाटते. झडप दुरुस्त होत नाही. तेल लावायला हरकत नाही, फुगलेल्या शिरेवर जोर देऊन चोळू मात्र नये.

बिल आणि विमा

मुंबई-पुण्यात एका पायाच्या लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीचं खासगी पॅकेज साधारण पन्नास हजारांपासून सव्वा लाखापर्यंत जातं. फरक खोलीच्या दर्जाचा, फायबरचा आणि फांद्या धरल्या आहेत की नाहीत याचा असतो. कोटेशनमध्ये फायबर, थिएटर, डॉक्टरांची फी, भूलतज्ज्ञ, मोजे, नंतरचे डॉपलर आणि राहिलेल्या फांद्यांचा फोम या ओळी वेगवेगळ्या लिहून मागा.

बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींत व्हेरिकोज व्हेन्सला पहिली दोन वर्षं प्रतीक्षाकाळ असतो. उपचार डे-केअर असल्याने चोवीस तास दाखल राहायची अट सहसा नसते, पण टीपीएला, म्हणजे विम्याचे दावे तपासणाऱ्या मध्यस्थ कंपनीला, डॉपलरचा रिपोर्ट, त्रासाची नोंद आणि आजाराचा टप्पा लागतो. हे टप्पे सी-१ ते सी-६ असे लिहितात: सी-१ कोळ्याच्या जाळीसारख्या बारीक शिरा, सी-२ फुगलेल्या शिरा, सी-३ सूज, सी-४ घोट्याजवळ काळवंडलेली किंवा कडक झालेली त्वचा, सी-५ भरलेली जखम, सी-६ उघडी जखम. सी-१ हा सौंदर्योपचार धरून दावा नाकारतात. महात्मा जोतीराव फुले योजनेत तुमच्या रुग्णालयात कोणती शस्त्रक्रिया बसते हे तिथल्या आरोग्यमित्राकडे दाखल होण्याआधी विचारावं.

जखम असेल तर थांबू नका

घोट्याच्या आतल्या बाजूला जखम घेऊन वर्षानुवर्षं मलमपट्टी करणारी माणसं आपल्या गावागावांत आहेत. मलम बदलतं, प्रतिजैविकं बदलतात, जखम तिथेच. कारण वरचा दाब कोणी उतरवलेला नसतो. ब्रिटनमधल्या ४५० रुग्णांच्या एका चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले, सगळ्यांनाच दाबाचं बँडेज दिलं होतं. ज्यांची गळकी शिर लवकर बंद केली त्यांच्यातल्या निम्म्यांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या, ज्यांची थांबून केली त्यांच्यात हाच आकडा ८२ दिवसांचा होता. जखम भरल्यावर लेझर करू, हा सल्ला आता जुना झाला आहे. धमन्या तपासून, योग्य दाबाचं थरांचं बँडेज लावून, उघड्या जखमेसहच शिर बंद करता येते. जखम अनेक महिने भरत नसेल आणि तिच्या कडा उंचावल्या असतील तर तुकडा काढून कर्करोगाची तपासणीही करून घ्यावी.

आणि घरातल्या प्रत्येकाला हे माहीत हवं: घोट्याजवळची पातळ त्वचेची शिर साध्या ओरखड्याने, आंघोळीच्या गरम पाण्यानेही फुटते आणि रक्ताची चिळकांडी उडते. रुग्ण घाबरून उभा राहतो किंवा खुर्चीत बसतो आणि त्याने रक्तस्राव वाढतो. यात जीव गेलेले आहेत. ताबडतोब जमिनीवर आडवं व्हायचं, पाय भिंतीला लावून छातीपेक्षा उंच धरायचा आणि फुटलेल्या जागेवर स्वच्छ कापड बोटाने घट्ट दाबून दहा-पंधरा मिनिटं अजिबात न उचलता धरायचं. वरच्या बाजूला मांडीला दोरी किंवा रुमाल आवळू नये, त्याने शिरा अजून भरतात. रक्त थांबल्यावर कापडावरूनच पट्टी बांधून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं, आणि तिथे पुढच्या आठवड्यातली डॉपलरची वेळ घेऊनच परतावं.